दाढ काढली त्या आठवड्यात

बाबांच्या रिटायरमेंटला चार महिने उरले, तेव्हा आमच्या क्वार्टरमध्ये सगळ्यांच्या शरीराची झडती सुरू झाली. भिलाईत, स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टर सहामध्ये ही रीतच आहे. घरातला माणूस प्लांटमधून निवृत्त झाला की मुलांची नावं मेडिकल कार्डावरून जातात. म्हणून शेवटच्या वर्षात ज्याचं जे दुखत असेल, दुखणार असेल किंवा दुखू शकेल अशी नुसती शंका असेल, ते सगळं उरकून घ्यायचं. समोरच्या क्वार्टरमधल्या काकांनी तर एका उन्हाळ्यात स्वतःचा हर्निया, मुलाच्या नाकातलं वाढलेलं हाड आणि मुलीच्या टॉन्सिल, अशी तिन्ही ऑपरेशनं करून घेतली होती. काकू ते लग्नकार्य पार पाडल्याच्या थाटात सांगायच्या.

माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं आणि बाबांना ती स्वतःची हयगय वाटू लागली. मी पंचवीस वर्षांची होते, दुर्गच्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवत होते आणि तब्येतीने ठणठणीत होते. शेवटी त्यांना आठवलं की दिवाळीच्या सुमारास माझा जबडा दोन दिवस ठणकला होता. झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही प्लांटच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायला उभे होतो. खालच्या दोन्ही अक्कलदाढा हिरडीखाली आडव्या झोपलेल्या निघाल्या. बाबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

आईला ते पटलं नव्हतं. "अजी, दुखत नाही तं कावून काढून राहिले पोरीची दाढ?" ती म्हणाली.

"आज नाही दुखत. मंग दुखली तं?" बाबा म्हणाले. बाबांच्या बोलण्याला तिच्यापाशी कधीच उत्तर नसायचं, निदान मोठ्याने तरी.

इथे आईबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ही गोष्ट दाढेची असली तरी किंमत तिने मोजली. आई गोंदियाकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन भिलाईला आली, तेव्हा तिला हिंदीची दोन वाक्यं येत नव्हती. तिशी ओलांडल्यावर शेजारणीने तिला क्वार्टरमागच्या मैदानात सायकल शिकवली. दोन्ही गुडघे फोडून घेऊन ती शिकली आणि मग थांबलीच नाही. भाजी, बँक, भजनी मंडळ, कोणाची डिलिव्हरी, कोणाचं मयत, सगळीकडे ती सायकलवर. सरळ, सावली धरलेल्या सेक्टरच्या रस्त्यावरून पदर कमरेला खोचून जाणारी आई मला लहानपणी फार साधी गोष्ट वाटायची. सगळ्यांच्या आया अशाच असतात अशी माझी समजूत होती.

बाबांच्या डोक्यात मात्र गाव होतं. त्यांच्या बरोबरीच्यांनी दुर्गजवळ बोरसीला घरं बांधली, बाबांनी बांधलं नाही. चुलत्याच्या मुलाच्या लग्नात, भर मांडवात, त्यांनी सगळ्या भाऊबंदांसमोर सांगून टाकलं होतं की रिटायर झालो की गावी येणार. माझ्या थोरल्या काकांनी लगेच घराच्या मागच्या अंगाला त्यांच्यासाठी दोन खोल्या काढल्या. चारचौघांत दिलेला शब्द होता तो. आई तेव्हा मांडवाच्या बायकांच्या बाजूला बसली होती. तिला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा तेव्हा जिलबी खात होते.

दाढा सोमवारी काढल्या. भुलीचं इंजेक्शन दिल्यावर दुखलं नाही, पण आवाज सगळा ऐकू येत होता. हाड कापल्याचा तो आवाज कानात नाही, थेट डोक्याच्या आत येतो. डॉक्टरीणबाई हसऱ्या होत्या. टाके घालून झाल्यावर म्हणाल्या, "तीन दिन बातें बंद. कुल्ला कल से, नमक के पानी का. टाँके अगले सोमवार को."

"तीन दिन? ये तो इसको जनम से नहीं हुआ, डॉक्टर साब," बाबा म्हणाले. ते खूश होते. त्यांचं एक काम यादीतून गेलं होतं. स्कूटरवर त्यांच्या मागे बसून, तोंडात कापसाचा बोळा दाबून, मी घरी आले. फाटकापाशी उभ्या असलेल्या समोरच्या काकूंनी विचारलं, "का वो, अक्कल काढून आली का?" मला हसताही आलं नाही आणि चिडताही.

उन्हाळा होता. माझ्या खोलीच्या खिडकीत बाहेरून कूलर बसवलेला होता, तो दिवसभर घरघरत असे. मी त्याच्यासमोर आडवी पडून राही. गाल इतके सुजले की आरशात मी मलाच माझ्या गुबगुबीत आत्याची जुळी बहीण वाटले. आई बर्फ रुमालात गुंडाळून गालाला लावायची. गरम काही चालत नव्हतं, म्हणून तिने बासी करून दिली, रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी दही आणि मीठ घालून कुस्करलेला. हे ती मागच्या लाइनीतल्या छत्तीसगढी बाईकडून शिकली होती. चमचा आत जाईल इतकंही तोंड उघडत नव्हतं, तेव्हा ती ते पातळ करून, वाटी ओठांना लावून, कडेने पाजायची. पंचवीस वर्षांच्या घोडीला. आणि करताना चेहऱ्यावर त्रासाची एक रेघ नाही.

मंगळवारी दुपारी बाबा ड्यूटीवर होते. आई पलंगाच्या कडेला बसली आणि तिने बर्फाचा रुमाल माझ्या गालाला धरला. मग म्हणाली,

"एक काम होतं तुह्याकडं."

मी डोळ्यांनी विचारलं.

"रिटायर झाल्यावर दोन साल क्वार्टर ठेवता येते म्हणे. अर्ज द्या लागते. शुक्रवारपरेंत." ती माझ्याकडे न बघता रुमालाकडे बघत होती. "तू सांग बाबाले. तुह्यं आइकतात ते. मी सांगीन तं म्हणतीन, हिले माह्या गावाचा कटाळा आहे, माह्या भावाचा कटाळा आहे. नाही व बाई, कटाळा नाही मले. पण आताच नाही. दोन साल. मंग मी सोता बोचकं बांधीन."

तिने माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही पहिली गोष्ट. त्याआधी तिने मला कामं सांगितली होती, पुष्कळ सांगितली होती, पण मागितलं काही नव्हतं. मला ते कळलं. आता सगळं झाल्यावर शहाणपणाने म्हणत नाही, तेव्हाच, त्या पलंगावरच कळलं होतं. मी उशाजवळचा फोन घेतला आणि त्यावर लिहून दाखवलं, 'गुरुवारी बोलते. नक्की.'

तिने ते ओठ हलवत वाचलं. "हाव," ती म्हणाली आणि उठताना माझ्या केसांवरून हात फिरवून गेली. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून तिच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता.

आता माझी बाजू. ती मांडायची लाज वाटते, पण मांडते. त्याआधीच्या दोन महिन्यांत मी घरी कोणाला न सांगता पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केला होता. पहिल्या दोन फेऱ्या झाल्या होत्या, शेवटचं बोलणं गुरुवारी व्हायचं होतं. बाबा मला एकटीला पुण्याला पाठवतील की नाही याची मला खात्री नव्हती. आमच्या नात्यातली एकही मुलगी लग्नाआधी इतक्या लांब गेली नव्हती. बाबा माझं ऐकतात हे आईचं म्हणणं खरं होतं, पण ते किती वेळा ऐकतील? माझा हिशेब असा होता की त्यांच्याकडे माझा एकच शब्द चालेल, आणि तो मी पुण्यासाठी राखून ठेवला होता. आईसाठी तो खर्च केला असता तर मग माझ्या हाती काय उरलं असतं?

इतका हलकट विचार मी इतक्या नीटपणे केला होता. गणित शिकवायचे ना.

बुधवारी बाबा पहिल्या पाळीवरून आले, हातपाय धुतले आणि थेट माझ्या खोलीत आले. हे त्यांच्या सवयीतलं नव्हतं. एरवी ते आधी चहा घेत. स्टूल ओढून पलंगाजवळ बसले. माझा गाल बघून "लय सुजलं व," असं म्हणाले. मग कूलरकडे बघत राहिले.

"तुह्या आईचं मन नाही दिसत गावाले जायाचं," ते म्हणाले. "म्हणत काही नाही ती. पण दिसते."

मी गप्प. गप्पच असायला हवं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"तुले का वाटते? तुह्या मनात असंन तं राहू आपण दोन साल. तुह्यासाठी राहू." त्यांनी तुह्यासाठी या शब्दावर जरा जोर दिला. "बोलू नको तू. मान हालव नुसती."

तेवढंच करायचं होतं. मान एकदा खाली, एकदा वर. पण 'तुह्यासाठी' या शब्दापाशी मी अडले. माझ्यासाठी राहिले तर मग मला राहावं लागेल. पोरगी इथे आहे म्हणून क्वार्टर ठेवलं, असं सगळ्यांना सांगितलं गेल्यावर ती पोरगी पुण्याला कशी जाणार? मला तो सापळा वाटला. मी डोळे मिटून घेतले, गालावर हात ठेवला आणि कण्हले. गोळीचा असर चांगला होता, त्या वेळी मला काहीही दुखत नव्हतं. ते कण्हणं मी मुद्दाम केलं.

"राहू दे, राहू दे," बाबा घाईने म्हणाले. "दुखून राहिलं तुले. झोप." त्यांनी उठून स्टूल आवाज न करता जागेवर ठेवलं. दारात थोडं थांबले, मग गेले.

गुरुवारी मला बरंचसं बोलता येऊ लागलं होतं. शब्द जाड निघत होते, पण निघत होते. सकाळी आईने वाटी आणून दिली तेव्हा तिने काही विचारलं नाही, फक्त माझ्या तोंडाकडे बघितलं. मी हाताने 'अजून नाही' अशी खूण केली. तिने मान डोलावली. बाबा ड्यूटीवर गेले होते, म्हणजे तसंही दुपारपर्यंत बोलायला कोणी नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं.

अकरा वाजता पुण्याहून फोन आला. मी दार लावून घेतलं. कूलर मोठ्याने चालला होता, म्हणून मीही मोठ्याने बोलत होते. सुजलेल्या जबड्याने मी इंग्रजीत आणि हिंदीत पाऊण तास बोलले. माझ्या आवडीनिवडी सांगितल्या, माझे गुण सांगितले, अवघड प्रसंगी मी ठामपणे भूमिका घेते असंही सांगितलं. शेवटी त्या बाईने विचारलं की घरच्यांची काही अडचण नाही ना. मी म्हणाले, "जी नहीं, मेरे पापा मेरी हर बात मानते हैं।"

त्याच वाक्याच्या मध्यात कूलर बंद पडला. माझा आवाज अख्ख्या खोलीत उघडा पडला. खिडकीबाहेर, कूलरच्या वाळ्याच्या पडद्यामागे, बादलीची कडी वाजली. आई कूलरमध्ये पाणी भरायला बाहेरून आली होती आणि शॉक बसू नये म्हणून तिने व्हरांड्यातल्या बोर्डावरून तो बंद केला होता. पडद्यातून तिची नुसती सावली दिसत होती.

मी फोन छातीशी धरला.

"बोल, बोल," बाहेरून आई म्हणाली. "मी पाणी भरून राहिली."

तिने पाणी भरलं. दोन बादल्या, सावकाश. मग चपलांचा आवाज व्हरांड्यात गेला आणि कूलर पुन्हा सुरू झाला. माझं बोलणं नीट व्हावं म्हणून तिने तो लगेच सुरू केला, की तिला पुढचं ऐकायचं नव्हतं म्हणून, हे मी तिला कधी विचारलं नाही.

तरीही दिवस शिल्लक होता. गुरुवारची दुपार होती, रात्रीचं जेवण होतं, शुक्रवारची सकाळ होती. बाबा आले, जेवले, झोपले, उठले. आईने मला एकदाही आठवण करून दिली नाही. ओरडली असती, रडली असती, अगदी एक टोमणा मारला असता, तरी मी त्या रागाच्या भरात का होईना बाबांकडे गेले असते. ती माझ्यासाठी मऊ भात कालवत राहिली आणि चमचा तोंडाशी धरताना माझ्या डोळ्यांत बघायचं टाळत राहिली. शुक्रवारी ती सायकलने बाजारात गेली आणि माझ्यासाठी आइस्क्रीम घेऊन आली. अर्धं वितळलं होतं. मी ते खाल्लं.

पुण्याची नोकरी मिळाल्याचं मी बाबांना रविवारी सांगितलं. भाषण तयार केलं होतं, त्यातली दोन वाक्यं झाली असतील. ते म्हणाले, "जा ना. कावून नाही? चांगलं आहे." संपलं. जो शब्द मी इतका जपून ठेवला होता तो लागलाच नाही. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी मी मागे पाहिलं. आई भिंतीला टेकून लसूण सोलत होती. "नोकरी पक्की झाली का?" तिने विचारलं. "बरं झालं व बाई." सोमवारी टाके काढले. दुखलं नाही.

क्वार्टर रिकामं केलं त्या दिवशी मी पुण्याहून आले होते. ट्रकमध्ये जागा होती, तरी आईने सायकल भजनी मंडळातल्या एका बाईला दिली. गावी काय करायची, म्हणाली. तिचं खरं होतं. तिथे थोरल्या काकांचं घर, थोरली जाऊ, दारात कायम चार बाप्ये बसलेले. पंचावन्नाव्या वर्षी आई पुन्हा सून झाली. डोक्यावर पदर आला. दळण आणायला घरातला कोणी ना कोणी जातो, भाजी शेतातून येते, बँकेचं काम बाबा करतात. तिला बाहेर पडायला कारणच नाही. फोनवर बोलताना ती हल्ली आधी इकडेतिकडे कोण आहे ते बघते, हे तिच्या थांबण्यावरून मला कळतं. तिला काही कमी नाही, सगळे मानाने वागवतात, आणि ती विझत चालली आहे. याला मी दुसरा शब्द वापरणार नाही.

मागच्या हिवाळ्यात मी चार दिवस गावी गेले होते. सकाळी बाबांबरोबर बांधावरून फिरायला निघाले. बाबा थकल्यासारखे दिसत होते. गावात त्यांनाही करमत नाही, हे त्यांच्या चालण्यातच दिसत होतं. भाऊ शेतीतलं काही विचारत नाहीत, निर्णय आधीच झालेले असतात. बोलता बोलता भिलाईचा विषय निघाला. ते सहज म्हणाले,

"तुह्यी दाढ काढली होती पाय, तवा मी आलो होतो तुले विचाराले."

मी बांधावरच थांबले.

"तू नुसती मान हालवली असती ना, तं मी दादाले सांगितलं असतं, पोरगी तयार नाही, तिच्यासाठी थांबून राहिलो. पोरीसाठी थांबलो म्हटलं तं कोणी नावं ठेवत नाही. बायकोसाठी थांबलो, सोतासाठी थांबलो म्हटलं तं हासतेत लोकं." ते जरा हसले. "मले तरी कोठी याचं होतं इथं? पण शब्द देल्ला होता. मोडाले कोणाचं तरी नाव पायजे होतं."

"बाबा, मी..." मी सुरुवात केली.

"अवो, तुले तवा दुखून राहिलं होतं. तुह्या का दोष त्यात?" ते म्हणाले आणि काठीने बांधावरचं गवत बाजूला सारत पुढे निघाले.

दोघांनाही राहायचं होतं. दोघंही माझ्याकडे आले होते, एक मंगळवारी, एक बुधवारी. एकमेकांशी ते हे कधी बोलले नव्हते, त्यांच्या पिढीत ते बोलणं नव्हतंच, म्हणून मधे मला ठेवलं होतं. आणि मी कण्हले.

घरी आलो तेव्हा आई अंगणात चुलीपाशी होती, डोक्यावर पदर, सगळ्यांच्या चहाचं आधण ठेवलेलं. बाबा ओट्यावर भावांत जाऊन बसले. आईने हळूच विचारलं, "इतका वेळ का बोलून राहिले होते बाबा?"

सांगायचं होतं की आई, त्यांनाही राहायचं होतं गं. की तू एकटी नव्हतीस. तिला ते कळायला हवं होतं, तिचा तो हक्क होता. पण मग तिने विचारलं असतं, मग अडलं कुठे? ओट्यावरून काकांनी चहाची हाक दिली. आईने पदर पुढे ओढला. ती अजून माझ्याकडेच बघत होती.

"काही नाही," मी म्हणाले. "असंच, पिकाचं."